डाइस स्टॅकिंग: तिसरा फासा कपात टिकत का नाही?

चौकटचा_गुलाम (धागाकर्ता)

मंडळी, इथे कुणी डाइस स्टॅकिंग करतं का? ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. टेबलावर चार फासे अंतराअंतराने मांडायचे. हातात उपडा कप. तो डावीउजवीकडे झपाझप हलवत एकेक फासा कपाखाली ओढून घ्यायचा, हलवणं चालूच ठेवायचं, आणि शेवटी कप थांबवून उचलायचा. आत चारही फासे एकावर एक, सरळ उभे! फाशांना हात लावायचा नाही. चुंबक नाही, डिंक नाही. परदेशात जगलिंगवाले आणि टेबलाशी बसून जादू करणारे, दोघेही ही करामत आपलीच मानतात.

माझी गाडी दोनवर अडली आहे. एक फासा कपात फिरता ठेवणं जमतं, दोघांची जोडीही बऱ्यापैकी उभी राहते. तिसरा घ्यायला गेलो की आधीचे दोघे खालून निसटतात आणि थेट सोफ्याखाली. साहित्य म्हणाल तर घरातला स्टीलचा पेला, सापशिडीच्या खोक्यातले फासे आणि सनमायकाचं टेबल.

प्रश्न दोन आहेत. तिसऱ्या फाशाचं काय करावं? आणि समजा जमलंच, तर हे लोकांसमोर करण्यासारखं आहे का, की चार सेकंदांत संपणारी गंमत आहे? आमच्या सोसायटीत गणपतीत 'आपले कलाकार' असा कार्यक्रम असतो, म्हणून विचारतोय.

बाभूळबन

आमच्या घरी फासे काढले की आजी आधी शकुनी कोण ते विचारायची. धागा आवडला. वाचनखूण साठवली आहे, तज्ज्ञ येईपर्यंत शेंगदाणे घेऊन बसलोय.

मोजपट्टी_मास्तर

गुलामराव, हाताला दोष देऊ नका, पेला बदला. आपला पाणी प्यायचा पेला तोंडाशी रुंद आणि बुडाशी अरुंद असतो. उपडा केला की त्याच्या भिंती खाली येताना बाहेर पसरतात. घोळ तिथेच आहे.

कप जोरात डावीकडे ओढला की आतल्या फाशांना उजवी भिंत ढकलते. फाशाच्या जागी बसून पाहिलं तर तो उजवीकडे पडतोय असंच वाटेल. टेबलाकडे ओढणारं गुरुत्वाकर्षण आहेच, पण हलवण्याचा जोर त्याच्या तिप्पट-चौपट झाला की फाशासाठी 'खाली' म्हणजे कपाची भिंत. आता मान आडवी करून त्या भिंतीकडे बघा. गोल कपाची आतली बाजू म्हणजे निजवलेली पन्हळ. पन्हळीत खडे टाकले की ते तळाशी एका रेषेत जाऊन बसतात, तसेच फासे बसतात, आणि ती रेष कपाच्या उंचीच्या दिशेने असते. कप थांबला, आडवा जोर संपला, मान सरळ केली, की त्याच रांगेची उभी चळत झालेली दिसते. फासे एकमेकांवर चढत नाहीत. ते शेजारी शेजारी रांगेत लागतात, आणि रांग उभी असते इतकंच.

आता आकडे. कप उचललेला असताना फाशाला वर धरून ठेवतं ते भिंतीचं घर्षण. घर्षणांक ०.३ धरला आणि भिंत सरळ असेल, तर आडवं त्वरण गुरुत्वत्वरणाच्या साधारण ३.३ पट हवं. भिंत ६ अंशांनी पसरलेली असेल तर तेच ५ पटींच्या वर जातं, कारण घर्षणाला फाशाचं वजनही पेलायचं आणि उतारही सांभाळायचा. तुमचा पेला आतून गुळगुळीत, म्हणजे घर्षणही कमी. दोन फासे टिकतात हेच विशेष आहे.

दुसरं, झोका किती मोठा घेता? टोकापासून टोकापर्यंत २० सेंटिमीटर आणि सेकंदाला ३ फेऱ्या असतील तर टोकाशी त्वरण ३.६ पट होतं. झोका १० सेंटिमीटरचा करून फेऱ्या ४ केल्या तर ३.२ पट, म्हणजे जवळपास तेवढंच. हाताचा प्रवास मात्र सेकंदाला १२० सेंटिमीटरवरून ८० वर येतो. झोक्याची लांबी दुप्पट केली तर जोर दुप्पट होतो, फेऱ्या दुप्पट केल्या तर चौपट. छोटा आणि जलद झोका ठेवा.

कातरवेळ

मास्तर, मान आडवी करून वाचलं, खरंच कळलं. एक शंका. मग जड फासे घेतले तर जास्त चांगले टिकतील ना? मुलाच्या खेळातले धातूचे फासे आहेत घरात.

मोजपट्टी_मास्तर

नाही हो ताई. वजन वाढलं की खाली ओढही वाढते आणि भिंतीवरचा दाबही तेवढ्याच पटीत वाढतो. वस्तुमान दोन्ही बाजूंना येतं आणि कटतं. धातूचे फासे फक्त आवाज जास्त करतील आणि कपाची कड खरवडतील.

फरक पडतो तो कडांनी. सापशिडी-ल्यूडोचे फासे लहान, कोपरे गोल केलेले आणि ठिपक्यांच्या जागी खळगे पाडलेले. दोन फाशांत प्रत्यक्ष टेकणारा सपाट भाग त्यामुळे फार कमी उरतो. कसिनोत वापरतात ते फासे साधारण १९ मिलिमीटरचे, धारदार कडांचे, आणि ठिपके रंगाने भरून पृष्ठभागाच्या पातळीत आणलेले असतात. ही सगळी काळजी निष्पक्षपणासाठी घेतलेली असते, आपल्याला मात्र सपाट बाजू फुकटात मिळते.

लोअरपरळकर

कपासाठी परदेशातून काही मागवत बसू नका. हार्डवेअरच्या दुकानात जाऊन ६३ किंवा ७५ मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपचा चार इंची तुकडा कापून घ्या, एका बाजूला एन्ड कॅप ठोका, दुसरी कड पॉलिश पेपरने गुळगुळीत करा. भिंत सरळ, वजन हलकं, पडला तरी फुटत नाही. गावाकडे शेतात पाइपलाइन टाकलेली असेल तर असले तुकडे गोठ्यामागे पडलेले असतातच.

उंची का महत्त्वाची, तर १९ मिलिमीटरचे चार फासे म्हणजे ७६ मिलिमीटर. कप आतून त्याहून थोडा उंच हवा, नाहीतर वरचा फासा बुडाला आपटत राहतो.

रोखठोक

चार फासे एकावर एक ठेवायचे तर हाताने ठेवा, दोन सेकंदांत होतं. यात कला ती काय? लोकांना वेळ फार झालाय.

बाभूळबन

रोखठोकराव, तुमच्या न्यायाने धावपटूंनी रिक्षा करावी.

रात्रपाळी

उशिरा आलो. मी लग्नांत आणि हॉटेलांत टेबलाटेबलाशी जाऊन पत्त्यांचे आणि नाण्यांचे प्रयोग करतो. फासे त्यातलाच एक भाग. मास्तरांनी 'का' सांगितलंय, मी 'कसं' सांगतो.

गुलामभाऊ, तिसरा फासा घेताना आधीचे दोघे पडतात याचं कारण बहुतेकदा असं असतं, की माणूस नवा फासा दिसला की त्याच्याकडे जातो आणि जाताना झोका मोडतो. हात एकदम लांब पसरतो, लय तुटते, कप नको तेवढा वर उचलला जातो. फाशाकडे कप न्यायचा नसतो. झोका चालू ठेवून सगळा झोकाच हळूहळू फाशाच्या दिशेने सरकवायचा. दोन-तीन फेऱ्यांनी झोक्याचं टोक आपोआप फाशापर्यंत पोचतं.

आणि फासा टोकाशीच घ्यायचा, मधल्या वाटेत नाही. टोकाकडे जाताना कपाची पुढची कड जेमतेम फाशाच्या उंचीएवढी उचला, फाशावरून पलीकडे न्या, टेकवा आणि लगेच परत ओढा. परतताना कपाची मागची भिंत त्याला घेऊन येते. आतले आधीचे फासे त्या क्षणी त्याच भिंतीला चिकटलेले असतात, म्हणून नवा फासा रांगेत त्यांच्या खाली शिरतो. झोक्याच्या मध्यावर फासे एका भिंतीवरून दुसरीकडे जात असतात, तेव्हा त्यांना कुणाचाच आधार नसतो. तिथे कप उचललात की संपलं.

एकच फासा घेऊन रोज पंधरा मिनिटं. डावीकडून घ्या, उजवीकडून घ्या, डोळे मिटून घ्या. एक पक्का झाल्याशिवाय दोनला हात लावू नका हे मी प्रत्येकाला सांगतो आणि प्रत्येक जण त्याच संध्याकाळी चार फासे मांडतो.

हालचाल कोपरापासून करा. मनगटाने केलीत तर कप प्रत्येक टोकाला तिरका होतो, शिवाय मनगट धरतं ते वेगळंच.

सनमायका नको. कप घासतो, फासे घसरतात, खालच्या मजल्यावरचे वर येतात. मोठा माउसपॅड उत्तम. सतरंजी किंवा घोंगडी घ्याल तर ती दबते आणि चळत कलते.

रोखठोकसाहेब, तुमच्या प्रश्नाचं उत्तर पुढच्या प्रतिसादात देतो, टेबलावर बोलावलंय.

दादरा_ते_दीपचंदी

मी तबला शिकवतो, फाशांचं काही कळत नाही. पण मास्तर म्हणतात त्या सेकंदाला ३ फेऱ्या म्हणजे मिनिटाला १८०. मोबाइलवर मेट्रोनोम १८० वर लावा आणि प्रत्येक ठोक्याला कप उजव्या टोकाला आला पाहिजे असं धरा. नवशिक्याचा हात फासा जवळ आला की घाईत येतो, मग दमला की रेंगाळतो. हे विद्यार्थ्यांचं मी रोज ऐकतो. लय बाहेरून बांधून दिली की हात थाऱ्यावर राहतो.

रात्रपाळी

दादरासाहेब, अगदी बरोबर, आणि कानाचं काम एवढ्यावर थांबत नाही. फासे विस्कटलेले असताना कपातून खडखड येते, चार वेगवेगळे आवाज. रांग लागली की सगळे एकाच वेळी भिंतीला लागतात आणि एकच टक्, टक्, टक् ऐकू येतं. तो एकसंध ठोका आला की थांबायला हरकत नाही. आत काय आहे हे मला कप उचलायच्या आधी माहीत असतं ते या आवाजामुळे. शिकताना पारदर्शक ॲक्रिलिकचा कप मिळाला तर घ्या, आवाज आणि दृश्य यांची जोडी लागते. पण सवय लागायच्या आत तो सोडा, नाहीतर नजर कपावरून हटत नाही.

आता रोखठोकसाहेब. बघणाऱ्याला काय दिसतं ते पाहा. एक माणूस कप हलवतोय, फासे नाहीसे होताहेत, खडखडाट चाललाय. प्रेक्षकाच्या मनात त्यातून एकच निष्कर्ष निघतो: आत सगळं विस्कटलेलं असणार. आणि कप उचलल्यावर नेमकं उलटं दिसतं. गोंधळाचा आवाज ऐकवून शिस्त दाखवायची, हा त्याचा नाट्यभाग. म्हणून थांबल्यावर लगेच उचलायचं नाही. हात कपावरून काढायचा. काहीतरी बोलायचं, कुणाला तरी विचारायचं की वरच्या फाशावर काय आलं असेल. 'वरच्या' या शब्दावर एखादा चमकतो, बाकीच्यांना कळतही नाही. मग उचलायचं.

किती फासे रचणार ते आधी सांगू नका. चार सांगितलेत आणि तीन उभे राहिले तर फजिती. न सांगता तीन उभे राहिले तर टाळ्या. कप प्रेक्षकाला उचलू देऊ नका, हौसेने तिरका उचलतात. आणि नजर कपाकडे न ठेवता समोरच्यांकडे ठेवा. तुम्ही कपाकडे काळजीने बघितलंत की त्यांनाही काळजी वाटू लागते.

मी शेवटी कप उचलतो तेव्हा चार फाशांच्या जागी कपाएवढा एकच मोठा ठोकळा असतो. ते कसं, हे विचारू नका.

कातरवेळ

ते कसं?

रात्रपाळी

ताई, पोटावर पाय नको. :)

पूर्वेचा_पाहुणा

मी नोकरीनिमित्त शांघायला असतो. इथल्या बारमध्ये जवळजवळ प्रत्येक टेबलावर प्लास्टिकचा कप आणि प्रत्येकी पाच फासे मिळतात. खेळ असा की प्रत्येकाने आपले फासे कपाखाली झाकून स्वतःपुरते बघायचे, आणि सगळ्यांचे मिळून अमुक इतके चौके असतील अशी बोली चढवत न्यायची. कुणाला खोटं वाटलं की उघडायचं. थापा मारण्याचा खेळ आहे, त्यामुळे चेहरा महत्त्वाचा. पण कप हलवण्यात इथली मंडळी इतकी तरबेज असतात की गप्पा मारता मारता सहज पाचांची चळत करतात. आमच्या टेबलावर चळत झाली तर पुन्हा हलवावं लागतं, कारण खालचे आकडे दिसत नाहीत. इकडचे फासे गोल कोपऱ्यांचे असतात, हे मास्तरांच्या माहितीसाठी.

मोजपट्टी_मास्तर

नोंद घेतली. गोल कोपऱ्यांनी होत नाही असं नाही, चुकीला जागा कमी राहते. पाच रचणारा हात पक्काच असणार.

जुनंपुराणं

थोडं अवांतर. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात ३४ वं सूक्त जुगाऱ्याचं आहे, अक्षसूक्त. फाशांनी घर उद्ध्वस्त केलं तरी त्यांचा खडखडाट ऐकला की पाय तिकडेच वळतात, असं तो माणूस सांगतो. पण त्यातले अक्ष म्हणजे बेहड्याची फळं. ती रचून दाखवा म्हणावं रात्रपाळींना! चौसराचे फासे लांबट, कांडीसारखे, तेही या कामाचे नाहीत. घनाकृती फासे मात्र मोहेंजोदडोच्या उत्खननात सापडले आहेत. त्यांची मांडणी आजच्यापेक्षा वेगळी, १ च्या पाठीमागे २, ३ च्या पाठीमागे ४, ५ च्या पाठीमागे ६. आजच्या फाशावर समोरासमोरच्या बाजूंची बेरीज नेहमी ७ येते.

मोजपट्टी_मास्तर

जुनंपुराणं, याला अवांतर म्हणू नका, यातून गुलामरावांच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर निघतं.

चार फाशांची चळत उभी राहिली. कुणालाही सांगा की वरची बाजू सोडून, आडव्या लपलेल्या सगळ्या बाजूंची बेरीज मी बघून सांगतो: फासे जिथे एकमेकांना टेकलेत त्या सहा बाजू आणि सगळ्यात खालची, अशा सात. चार फासे, प्रत्येकाची वरची आणि खालची मिळून ७, म्हणजे एकूण २८. त्यातून डोळ्यांना दिसणारा सगळ्यात वरचा आकडा वजा करा. वर ५ असेल तर उत्तर २३. प्रेक्षकाने एकेक फासा उचलून बेरीज करावी, बरोबरच येणार. तीनच उभे राहिले तर २१ मधून वजा. मोहेंजोदडोच्या फाशांवर हे चाललं नसतं, तिथे जोड्यांची बेरीज ३, ७ आणि ११ येते.

चार सेकंदांची गंमत चार मिनिटांची झाली की नाही?

दादरा_ते_दीपचंदी

+१. आमच्या क्लासच्या पोरांवर उद्याच लावतो हे.

चाळकरी_मावशी

गुलाम, गणपतीत करणार असशील तर एक गोष्ट आधीच सांगते. आमच्याकडे एका मुलाने पत्त्यांचे प्रयोग ठेवले होते, तर कमिटीतल्या एका काकांनी 'मंडपात पत्ते नकोत' म्हणून बंद पाडले. फाशांना तर आणखी ओरडतील. तू ठिपकेच काढून टाक की! रंगीत ॲक्रिलिकचे किंवा लाकडाचे ठोकळे घे, लाल, पिवळा, हिरवा, निळा. ठोकळ्यांना कोण जुगार म्हणेल? मुलांनाही लांबून दिसतील.

रात्रपाळी

मावशी, प्रणाम. आणि रंगीत ठोकळ्यांनी एक नवी गोष्ट करता येते. वर मी म्हणालो ना, नवा फासा रांगेत खालून शिरतो. म्हणजे पहिला उचललेला सगळ्यात वर आणि शेवटचा सगळ्यात खाली. मुलांना विचारा, वर कुठला रंग हवा, खाली कुठला. त्या क्रमाने उचला. झोका स्वच्छ असेल तर क्रम बदलत नाही, कारण गोल भिंतीच्या तळरेषेत एकमेकांना ओलांडायला जागाच नसते. मुलांनी सांगितलेला झेंडा कपाखालून निघाला की कार्यक्रम तुमचा.

ठोकळे घेताना चारही अगदी एकाच मापाचे बघा. लाकडी ठोकळ्यांत अर्धा-एक मिलिमीटर फरक असतो आणि एखादी बाजू काटकोनात नसते. त्यामानाने ॲक्रिलिकचे बरे.

रोखठोक

पीव्हीसीचा तुकडा घरात होता म्हणून बघितला हलवून. दोन उभे राहिले. कला आहे असं मी अजूनही म्हणत नाही. पण माउसपॅड कुठल्या मापाचा घ्यायचा?

बाभूळबन

गळाला लागला!

लोअरपरळकर

रोखठोक, कीबोर्डसकट मावेल असा लांब मिळतो तो घ्या. छोट्या पॅडच्या कडेवर कप अडखळतो. काहींना कॅरम बोर्ड सुचेल. पावडर टाकल्यावर कप लोण्यासारखा फिरतो खरा, पण थांबवला की फासे पुढे घसरतात, आणि पीव्हीसीच्या कडेने बोर्डावर ओरखडे उठले की घरातले बोलतात.

चौकटचा_गुलाम (धागाकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार. पाइपचा कप केला, कसिनो मापाचे फासे आणले, मेट्रोनोमही लावला. तिसरा फासा आता राहतो. चारही आत गेले की रात्रपाळी म्हणतात तो एकसंध टक् ऐकू येतो. पण नवीन दुखणं सुरू झालंय. थांबवतो, आवाज बंद होतो, चळत उभी आहे हे कळतं, आणि कप उचलताना वरचे दोन पडतात. उचलण्यात काय चुकतंय?

मोजपट्टी_मास्तर

तुम्ही झोक्याच्या मध्येच ब्रेक लावत असाल. मध्यावर वेग सर्वांत जास्त असतो, तिथे थांबवलंत की फासे पुढच्या भिंतीवर आदळून उसळी घेतात. टोकाला वेग तसाही शून्य होतो आणि फासे भिंतीला टेकून रांगेत असतात. तिथे वेगळं थांबवावं लागत नाही. फक्त परत फिरायचं नाही. मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये समोरून चित्रण करा, लगेच दिसेल.

रात्रपाळी

मास्तर म्हणतात ते पहिलं. दुसरं असं की थांबल्यावर चळत त्या टोकाच्या भिंतीला चिकटलेली असते. सरळ वर उचललंत तर भिंत फाशांना घासत वर जाते आणि वरच्यांना सोबत ओढते. उजव्या टोकाला थांबला असाल तर कप आधी बोटभर आणखी उजवीकडेच सरकवा. भिंत चळतीपासून सुटते. मग सरळ वर. डावीकडे सरकवलंत तर त्याच भिंतीने चळत ढकलाल. हे सरकवणं इतकं सावकाश करा की कुणाच्या लक्षात येणार नाही. बोलता बोलता होऊन जातं.

चौकटचा_गुलाम (धागाकर्ता)

झालं! चारही उभे. रोखठोक, मावशी, मास्तर, सगळ्यांना दंडवत. रंगीत ठोकळ्यांची ऑर्डर टाकली. कमिटीने नाव घेतलंय, फक्त मंडपात दीडेकशे माणसं असतात आणि माझी चळत आठ सेंटिमीटरची. मागच्या रांगेला काय दिसणार?

रात्रपाळी

आरतीसाठी स्क्रीन लावतात ना? त्यालाच मोबाइल जोडून घ्या. मोबाइल टेबलाच्या उंचीवर, समोर, स्टँडवर. कॅमेरा हाताळायला ओळखीचा मुलगा ठेवा आणि त्याला आधी दोनदा सगळं करून दाखवा, नाहीतर ऐन वेळी तो तुमच्या चेहऱ्यावर झूम करतो. पाठीमागे गडद कापड घ्या, हिरवा-पिवळा उठून दिसेल. माइक टेबलाजवळ राहू द्या, खडखड शेवटच्या रांगेपर्यंत गेली पाहिजे.

आणि काहीही झालं तरी कॅमेरा वरून लावू नका. वरून चार ठोकळ्यांची चळत म्हणजे एकच ठोकळा दिसतो, लोक विचारतील बाकीचे तीन कुठे गेले. तीही जादू म्हणून खपून जाईल म्हणा, पण मग मला मानधन द्यावं लागेल.